आईला सरपंच म्हणताना गावाची जीभ का अडखळते? (मराठवाड्यातले कारभारी शब्द)

गोदाकाठ

नमस्कार. बरेच दिवस इथं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं, गंगाखेडपासून तासाभराच्या अंतरावर. मागच्या निवडणुकीत सरपंचपद महिलेसाठी राखीव सुटलं आणि माझी आई निवडून आली. आई सातवी शिकलेली. वीस वर्षं बचत गट चालवलाय, त्यामुळं हिशोबाला पक्की.

पदभार घ्यायच्या दिवशी मी गावातच होते. ग्रामपंचायतीसमोर चिंचेखाली पंधरा-वीस माणसं जमलेली. आई पुढं, बाबा तिच्या मागं दोन पावलांवर. शिपाई मामा दारात उभे होते. आम्हाला बघून आत वळून म्हणाले, "सरपंच आले, सरपंच आले, खुर्ची पुसा." आणि नजर बाबांकडं. बाबा जागेवरच थांबले, बाजूला सरकले, मग आई आत गेली. कुणी वाईट मनानं केलं नाही हे मला कळतं. पण ते मनातून जात नाही.

फोनचंही तसंच. फोन आईचा, नंबर आईचा. समोरून विचारतात, "सरपंच आहेत का?" आई म्हणते, "हाव, बोला की." मग थोडा वेळ काहीच नाही. मग, "न्हाई, सरपंचाला द्या ना जरा." तालुक्याच्या एका कार्यालयातून तर तिच्या नावाच्या पत्रावर वर पेनानं बाबांचं नाव लिहून आलं.

कुणी सरपंचबाई म्हणतं, कुणी सरपंचीण, कुणी नुसतंच काकू. तुमच्या गावात बाई सरपंच असेल तर काय म्हणतात?

दुसरं म्हणजे आजी (नव्वदीच्या घरात आहे) अजून तलाठ्याला पटवारी म्हणते आणि फौजदाराला अमीन. "अमीन आला म्हणलं की आम्ही लेकरं कणगीमागं दडायचो," असं सांगते. असे निजामाच्या काळातले कारभाराचे शब्द कुणाच्या घरात अजून असतील तर तेही लिहा. मला ते जमा करायचेत.

सिंदफणा

ताई, आधी आईंचं अभिनंदन.

आमच्या गावात (बीड जिल्हा, गेवराईकडं) सरपंचबाईच म्हणतात. सरपंचीण म्हणू नका आणि कुणाला म्हणू देऊ नका, कारण सरपंचीण म्हणजे सरपंचाची बायको. पाटलीण, देशमुखीण, कुलकर्णीण, डॉक्टरीण या सगळ्या शब्दांत अधिकार नवऱ्याचा असतो आणि मान तेवढा बाईला मिळतो. पाटलीणबाईला वाड्यावर सगळे वाकून बोलायचे, पण गावच्या कागदावर तिचा अंगठा कुणाला लागत नव्हता.

एक शब्द मात्र त्यातून सुटला. मास्तरीण. आधी ती मास्तराची बायको होती, नंतर बायका शाळेत शिकवायला लागल्या आणि मास्तरीण म्हणजे शिकवणारी झाली. पुढं तर तोही शब्द मागं पडला आणि नुसतं 'बाई' राहिलं. आमच्या शाळेत "बाई आल्या" म्हणलं की अख्खा वर्ग गप बसायचा. म्हणून मला सरपंचबाई हा शब्द हलका वाटत नाही.

जुनं दप्तर

माझे आजोबा पटवारी होते, मी स्वतः महसूल खात्यात नोकरी करून निवृत्त झालो. हा विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळं लांबण लागली तर समजून घ्या.

तुमच्या आजी म्हणतात ते अगदी बरोबर आहे. हैदराबाद संस्थानात पोलीस ठाण्याच्या फौजदाराला अमीन म्हणत. अमीन म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकावा असा माणूस. रझाकारांच्या दिवसांत त्या शब्दाची काय अवस्था झाली ते तुमच्या आजींच्या कणगीनं सांगितलंच आहे.

महसुलाची उतरंड अशी होती. सुभ्याला सुभेदार, आणि औरंगाबाद हे एका सुभ्याचं ठाणं. (छत्रपती संभाजीनगरात सुभेदारी विश्रामगृह आहे, त्याचं नाव त्यावरून.) जिल्ह्याला अव्वल तालुकदार. आज तालुका म्हणलं की तहसील डोळ्यासमोर येते, त्यामुळं नव्या मुलांना वाटतं हा तालुक्याचा माणूस असेल. तसं नाही, अव्वल तालुकदार म्हणजे आजचा कलेक्टर. पहिल्या सालारजंगानं १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली तेव्हा ही घडी बसली. त्याच्या हाताखाली दुय्यम तालुकदार, मग तहसीलदार, मग गिरदावर, म्हणजे ज्याला आज आपण सर्कल म्हणतो तो. गिरदावर म्हणजे फिरणारा, गावोगाव फिरून पटवाऱ्याचं काम तपासणारा. तहसीलदारासमोर कागद मांडणारा तो पेशकार.

गावात पाटील दोन. एक माली पाटील, म्हणजे सारा वसूल करणारा, आणि दुसरा पोलीस पाटील. माल म्हणजे इथं महसूल. आजही आपल्याकडं माळी नसलेली माणसं 'मालीपाटील' आडनाव लावतात, बाहेरच्या लोकांचा हमखास गोंधळ होतो. आणि पटवारी म्हणजे पूर्वीचा कुलकर्णी. तलाठी हा शब्द मुंबई राज्याकडून आला. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान गेलं, १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो, १९६० ला महाराष्ट्र झाला. कागदं बदलत गेली, पण माझे आजोबा मरेपर्यंत गावाचे पटवारीच होते. तलाठी त्यांच्या नंतर आलेला कुणीतरी परका.

आजोबांच्या दप्तरात खासरा पत्रक (जमिनीच्या नोंदींचा कागद) आहे, १९५४-५५ चं. लाल कापडात बांधलेलं, कडा उंदरांनी खाल्लेल्या. त्याच्या आधीच्या कागदांवर उर्दू शिक्के आणि उर्दू सह्या, शेजारी आजोबांची मोडी. तहसील म्हणजे वसुली हे मला त्या दप्तरातूनच कळलं. तहसीलदार म्हणजे वसुली करणारा. इंग्रजांच्या मुलखात त्याच कामाच्या मोठ्या साहेबाला कलेक्टर म्हणत, त्याचाही अर्थ गोळा करणारा. राज्य कुणाचंही असो, रयतेला साहेब दिसायचा तो वसुलीच्या वेळी, म्हणून त्याचं नावच ते पडलं.

आता ज्या शब्दावर मला खरं बोलायचंय तो कोतवाल. संस्कृतात कोट्टपाल, कोटाचा राखणदार. हैदराबाद शहराचा कोतवाल म्हणजे अख्ख्या शहराचा पोलीस प्रमुख. राजा बहादूर वेंकटराम रेड्डी हे असे नावाजलेले कोतवाल होऊन गेले. आणि आपल्या गावात कोतवाल कोण? तलाठ्याचं दप्तर डोक्यावर घेऊन चालणारा, दवंडी देणारा, नोटिसा वाटणारा, महसुलातला सगळ्यात शेवटचा माणूस. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या सज्जाचा कोतवाल साठीला टेकलेला होता, अनवाणी यायचा. एकदा मी त्याला सांगितलं की तुमच्या नावाचा माणूस हैदराबादेत घोडागाडीतून फिरायचा. तो म्हणाला, "साहेब, नाव त्याचं ऱ्हाऊ द्या, मला त्याची चप्पल पायजे होती." आता शासनानं त्या पदाला महसूल सेवक असं नाव दिलंय.

गोदाकाठ

काका, हे सगळं वहीत उतरवून घेतलं. आजीला वाचून दाखवलं तर 'गिरदावर' ऐकल्याबरोबर म्हणाली, "हाव, घोड्यावर यायचा. त्याच्या घोड्याला हरभरा द्यावा लागायचा, घरात नसला तरी."

बालाघाट

मी पाटोद्याकडचा. आमच्याकडं अधिकाराचा शब्द एकच, मुकादम.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीसाठी आमची गावं रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम कारखान्याशी करार करतो, कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो आणि टोळी बांधून नेतो. उचल फिटेपर्यंत टोळी त्याच्या शब्दाबाहेर जात नाही. गाडी कधी भरायची, कुठल्या फडात जायचं, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं का, सगळं मुकादम ठरवतो. माझे आई-वडील अठरा हंगाम गेले. आमच्या घरात सरपंचाचं नाव कुणाला पटकन आठवायचं नाही, मुकादमाचं झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. तो दारात आला की वडील बाजेवरून उठून खाली बसायचे. मी तेव्हा चौथीत होतो, मला ते अजून दिसतं.

कॉलेजला असताना जुन्या कागदांत वाचलं की शिवकाळात आणि त्याच्याही आधी 'मोकदम' म्हणजे गावचा पाटील. "मोकदम मौजे अमुक" असं लिहून पत्रं येत. अरबी शब्द, अर्थ पुढं ठेवलेला, पुढं केलेला माणूस. तेव्हा गावाची वसुली, गावाचं भांडण, गावाची जबाबदारी त्याच्यावर. आज तोच शब्द उसाच्या फडात आहे. जमीन गेली, पाऊस गेला, आणि गावातला पुढं केलेला माणूस टोळीचा झाला.

बायका बरोबरीनं कोयता मारतात, पहाटे तीनला उठून भाकरी थापतात, मोळ्या डोक्यावर वाहतात. पण बाई मुकादम मी पाहिलेल्या टोळ्यांत एकच पाहिली. नवरा वारल्यावर तिनं टोळी मोडू दिली नाही. तिला सगळे मुकादमच म्हणायचे. मुकादमीण नाही, मुकादम.

मन्याड

बालाघाट दादा, तुमचं वाचून एक गोष्ट लक्षात आली.

मुकादम म्हणजे पुढं केलेला. पेशवा हा फारसी शब्द, म्हणजे पुढं चालणारा. पुढारी तर आपला स्वच्छ मराठी, पुढं असणारा. म्होरक्या, मोहऱ्यावरचा. अरबी, फारसी, मराठी, तिन्हींत मोठ्या माणसाची कल्पना एकच, तो रांगेत पुढं असतो. नेता तेवढा वेगळा, तो 'नेणारा', म्हणजे मागच्यांना कुठंतरी पोचवणं हे त्याच्या नावातच आलं.

आणि उलटंही बघा. नायब म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं काम करणारा, दुय्यम. त्याच शब्दाचं अरबी अनेकवचन म्हणजे नवाब. निजाम म्हणजे निजाम-उल-मुल्क, मुलखाचा बंदोबस्त ठेवणारा, मूळ दिल्लीच्या बादशहाचा दक्षिणेतला सुभेदार. १७२४ नंतर तो स्वतःच्या बळावर राज्य करायला लागला, पण नाव शेवटपर्यंत व्यवस्थापकाचंच राहिलं.

सुभेदार पण कसा सरकला बघा. मल्हारराव होळकरांना सुभेदार म्हणत, माळव्यातला मोठा मुलूख हाताखाली. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हेही सुभेदार, पण लष्करातले.

हुरडा

ताई, मला थोडं वेगळं बोलायचंय. राग मानू नका.

शब्दावर एवढा काथ्याकूट करून काय होणार? माझी चुलती पाच वर्षं सरपंच होती. सगळे तिला सरपंचबाईच म्हणायचे, मानानं. पण सह्यांपुरतं रजिस्टर घरी यायचं आणि ती चुलीपुढं बसून सही करायची. बँकेत चुलते, पंचायत समितीत चुलते, ग्रामसेवक भाऊसाहेबांशी बोलणं चुलत्यांचं. पाच वर्षांत ती ग्रामपंचायतीच्या खुर्चीत किती वेळा बसली असेल ते बोटावर मोजता येईल. शब्द बरोबर होता, बाकी काहीच नव्हतं. तुमच्या आई फोन स्वतः उचलतात हेच मोठं आहे. लोक काय म्हणतात ते म्हणू द्या.

पाटीपेन्सिल

हुरडा, तुमच्या चुलतीबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमचं म्हणणं खोटं नाही. तरी मी शब्दांची बाजू घेणार आहे, कारण तीस वर्षं व्याकरण शिकवलंय (धाराशिव जिल्ह्यातली जिल्हा परिषद शाळा).

सरपंच हा शब्द नीट बघा. 'सर' फारसी, म्हणजे डोकं, प्रमुख. सरदार, सरनोबत, सरदेशमुख यातला तोच. 'पंच' म्हणजे पाच, पाचजणांत मुख्य तो किंवा ती सरपंच. या शब्दात कुठंही पुरुष नाही. -पती असलेल्या शब्दांचं तसं नाही. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा त्यांना काय म्हणायचं यावर किती चर्चा झाली आठवत असेल. सभापती, कुलपती, सगळीकडं पती आहेच, जरी तिथं त्याचा अर्थ स्वामी, पालन करणारा असा असला तरी. सरपंचात ती अडचणच नाही.

मग गोदाकाठ, तुमच्या शिपाई मामांनी नेमकं काय चुकीचं म्हटलं? "सरपंच आले." यातला सरपंच बरोबर आहे. चुकलं ते 'आले'. मराठीत नामाला काही लावायची गरज नसते, क्रियापद सगळं सांगतं. सरपंच आल्या. बसल्या. म्हणाल्या. एवढंच पुरतं.

आणि गावाला हे जमत नाही असं नाही हो. आमच्या तहसीलला बाई तहसीलदार आल्या तेव्हा पहिल्या दिवसापासून अख्खा तालुका "तहसीलदार मॅडम आल्या, मॅडम म्हणाल्या" असंच बोलत होता. कुणीही "तहसीलदार आले" म्हणून त्यांच्या नवऱ्याकडं बघितलं नाही, त्यांचा नवरा कुठं असतो हेही कुणाला माहीत नव्हतं. कारण तो अधिकार परीक्षा देऊन आलेला, गावाबाहेरून आलेला. सरपंचाचा अधिकार गावानंच मतं टाकून दिलेला असतो, आणि ज्या बाईला आपण कालपर्यंत धुण्याला जाताना पाहिलं तिच्यासाठी क्रियापद बदलताना जीभ अडते. तुमच्या धाग्याच्या नावाचं उत्तर मला तरी इथं सापडतं.

हुरडा

बाई, हे असं डोक्यात आलं नव्हतं. चुलतीला "सरपंचबाई" म्हणत होते खरं, पण "सरपंच काय म्हणले?" असं विचारलं की तो प्रश्न चुलत्याबद्दलच असायचा. तुम्ही म्हणता तसं, क्रियापदात चुलतेच होते.

कयाधू

हिंगोली जिल्ह्यातल्या बंजारा तांड्यावरून लिहितोय.

आमच्यात तांड्याचा प्रमुख नायक आणि त्याच्या जोडीला कारभारी. भांडण असो, सोयरीक असो, होळी असो, नायकाच्या अंगणात बसल्याशिवाय पुढं जात नाही. वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक, दोघेही मुख्यमंत्री झाले, त्यांच्या आडनावात हाच नायक आहे. नायकाच्या बायकोला आम्ही नायकण म्हणतो. मोठ्या मानाचा शब्द. माझी आजी नायकण होती, तांड्यातल्या बायका आपली तक्रार आधी तिच्या कानावर घालायच्या, मग ती नायकाकडं जायची.

शाळेत आल्यावर मराठीत 'नायकीण' शब्द वाचला. अर्थ बघितला तर कलावंतीण, नाचगाण्यातली बाई. मला ते खूप लागलं. नायक म्हणजे पुढारी, आणि त्याचंच स्त्रीलिंग केलं की अर्थ असा व्हावा? वर्गात मी आजीबद्दल निबंध लिहिला होता, त्यात नायकण लिहिलेलं गुरुजींनी लाल शाईनं 'नायकीण' केलं. त्यांनी चांगल्या मनानं शुद्धलेखन सुधारलं होतं. घरी मी ती वही आजीला दाखवली नाही.

म्हणून ताई, सरपंच हाच शब्द ठेवा. पाटीपेन्सिल बाई म्हणतात तसं.

जुनं दप्तर

कयाधू, तुमच्या गुरुजींच्या वतीनं एका म्हाताऱ्याची माफी मागतो. नायकण हा तुमचा शब्द आहे आणि तो तसाच लिहावा.

पैठणवाला

इथं निजामाचे शब्द निघाले, पण ते शब्द निजामाच्याही फार आधी आपल्याकडं रुळलेत, हे पैठणच्या माणसानं सांगायलाच हवं.

नाथमहाराजांचं एक भारूड आहे, अर्जदस्त. म्हणजे सरकारदरबारी करायचा विनंतीअर्ज. साहेबांच्या सेवेसी म्हणून अर्ज लिहिलाय आणि तो साहेब म्हणजे देव. शरीर हा परगणा, त्याचं नाव शरीराबाद. जीव हा शेखदार, बुद्धी ही कारकून, जिवाजी आणि बुधाजी अशी त्यांची नावं. आमच्या आळीत एक आजोबा हे भारूड म्हणायचे. षष्ठीला वाड्यात बसून 'शरीराबाद' म्हणताना ते स्वतःच्या छातीवर हात ठेवायचे, तेव्हा समोरच्या बायाबापड्यांना कारकून, शेखदार कुणाला समजावून सांगावा लागायचा नाही. नाथमहाराज १५९९ ला गेले. म्हणजे सव्वाचारशे वर्षांपूर्वी पैठणच्या बाजारात हे शब्द इतके घरचे होते की त्यातून देहाचा हिशोब सांगता येत होता. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते असं परंपरा सांगते, त्यामुळं कचेरीची भाषा त्यांच्या कानावर रोज पडत असणार.

त्याच्याही मागं गेलात तर यादवांच्या काळात महानुभावांकडं 'राऊळ' हा मानाचा शब्द. गोविंदप्रभूंना राऊळ म्हणत. राऊळ म्हणजे राजकुल, राजाचं घर. पुढं राजे गेले आणि राऊळात विठोबा उभा राहिला.

शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी फारसी पदनामं बदलली, राज्यव्यवहारकोश करून घेतला. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. आणि पेशव्याचा मुख्य प्रधान. सचिव आणि मंत्री आपण आज रोज म्हणतो, ते रुजले. पण पेशवा काही जाईना. पुढं शंभर वर्षं पुण्यात पेशवेच बसले. राजानं सांगूनही लोकांच्या तोंडातला शब्द कधी बदलतो, कधी नाही.

सिंदफणा

पाटील पण तसेच की. महसुली पाटलाचं पद गेलं १९६२ च्या कायद्यानं. पोलीस पाटील १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेला असतो, आज कुठल्याही जातीचा, बाईसुद्धा. तरी गावात "पाटील" अशी हाक मारली की ज्या घराकडं वतन होतं त्याच घरातला माणूस वळून बघतो. पट्टकिल म्हणून जुन्या लेखांत येतो तोच हा शब्द. भोसल्यांकडं वेरूळची पाटीलकी होती. चौंडीच्या पाटलाची लेक अहिल्याबाई, त्यांनी १७६७ पासून १७९५ पर्यंत स्वतः राज्य केलं. त्यांना कुणी सुभेदारीण म्हणून लक्षात ठेवलंय का?

तेरणाकाठ

सगळे सरकारी शब्द झाले, पण आपल्या पुढाऱ्यांना आपण नुसतं नावानं कुठं हाक मारतो? मुक्तिसंग्रामात स्वामी रामानंद तीर्थ सगळ्यांचे स्वामीजी. गोविंदभाई श्रॉफांना शेवटपर्यंत गोविंदभाई. साहेब नाही कुणी म्हणालं त्यांना. साहेबांचं राज्य घालवायलाच ते निघाले होते ना. शंकरराव चव्हाणांना हेडमास्तर म्हणत, शिस्तीमुळं. नंतर मात्र सगळीकडं साहेब. साहेब या शब्दाचा मूळ अर्थ सोबती असा आहे, हे कळल्यावर मला फार नवल वाटलं होतं.

आणि घरातला कारभारी विसरलात. माझी आई वडिलांना आयुष्यभर कारभारी म्हणाली. नाव घ्यायचं नाही म्हणून. "आमचे कारभारी बाजारला गेलेत." कधी मालक, कधी धनी. गावच्या कारभाराचा शब्द घरात नवऱ्याला लागला तो असा.

गोदाकाठ

तेरणाकाठ, तुमची शेवटची ओळ वाचून मी मोबाईल खाली ठेवला आणि आईकडं बघितलं. आई बाबांना कारभारीच म्हणते! गावचा कारभार हिच्या हातात आणि हिच्याच तोंडी कारभारी बाबा. मी विचारलं, "आई, आता कारभारी कोण?" ती भाकरी उलटत म्हणाली, "घरचे ते, गावची मी. त्यात काय एवढं?" तिच्या मनात काही गुंता नाहीये. तो माझ्याच मनात होता.

पाटीपेन्सिल बाई, तुमचं क्रियापदाचं मी बाबांना सांगितलं. बाबा कमी बोलतात. दुसऱ्या दिवशी ओट्यावर दोघंजण आले, "सरपंच हैत का?" म्हणाले. बाबा म्हणाले, "आत हैत. स्वैपाक करायल्यात. बसा, येत्याल." त्या दोघांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते चपला काढून बसले आणि खरंच थांबले.

पाटीपेन्सिल

"स्वैपाक करायल्यात" हे वाचून डोळे भरून आले. तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

बालाघाट

माझाही. आणि त्या माणसांना चहा दिला का?

गोदाकाठ

दिला, आईनंच. मग घरकुलाच्या यादीवर अर्धा तास बोलली त्यांच्याशी.

आता शेवटचं, मग धागा थोडे दिवस शांत राहील, मी परत लातूरला जातेय.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आजवरच्या सरपंचांचा फलक आहे. निळा रंग, पांढरी अक्षरं, नाव आणि कालावधी. एकूण अकरा नावं. आईचं नाव घालायला पेंटर बोलावलाय. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी विचारलं, नाव कसं टाकायचं, सौ. लावून ना? आई म्हणाली, वरच्या माणसांना श्री. आहे का? नाही. मग मलाही काही नको, सरपंच म्हणून बोर्ड आहेच वर, खाली माझं नाव टाका.

मग आम्ही यादी नीट वाचली. आईच्या आधी एक बाई सरपंच होऊन गेलीय. १९९३ ला घटनादुरुस्ती लागू झाली, त्यानंतरच्या पहिल्या महिला राखीवच्या वेळची. फलकावर तिच्या नवऱ्याचं पूर्ण नाव आहे आणि पुढं कंसात 'यांच्या पत्नी'. तिचं नावच नाही. भाऊसाहेब म्हणाले जुनं इतिवृत्त शोधावं लागेल. आई म्हणाली, बाई जिवंत असताना रजिस्टर कशाला?

काल संध्याकाळी मी मळ्यात गेले. त्या आता सत्तरीच्या पुढं, शेळ्या राखतात. दारातच बसल्या होत्या, शेंगा फोडत. मी म्हणलं, मावशी, तुमचं नाव लिहून घ्यायचंय, फलकावर टाकायला. म्हणाल्या, "मपलं नाव? ते कशाला पायजे आता?" मी सांगितलं. बराच वेळ शेंगाच फोडत राहिल्या. सूपभर दाणे झाल्यावर हात झटकले, पदरानं तोंड पुसलं आणि नाव सांगितलं. मग माहेरचं आडनाव सांगितलं. मग म्हणाल्या, दाखव कसं लिवलंस.

मी वही पुढं केली. त्यांना वाचता येत नाही, पण अक्षरावरून बोट फिरवलं. वेलांटी कुठली ते विचारलं.

पेंटर गुरुवारी यायलाय.